एक गाल गुळगुळीत, एक गाल लाल: रेझरच्या नोंदी

रविवार, १ डिसेंबर २०२४

मुलीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत मागची चौदा पानं कोरी निघाली. त्यात लिहितोय.

दिवाळीत दुधारी ब्लेडचा रेझर घेतला. तीन भागांचा: वरची टोपी, खालची प्लेट, दांडा. जस्ताचं ओतीव काम, वर क्रोमचा मुलामा, किंमत तीनशेच्या आत. जुन्या रेझरच्या बदलायच्या काडतुसांवर दर महिन्याला होणारा खर्च बघून घेतला, शौक म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात खूश होतो. मग लक्षात आलं की उजवा गाल आणि गळ्याचा उजवा भाग रोज लाल होतोय, डावा मात्र लोण्यासारखा.

दाढी झाली की मी ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवतो. अण्णांची, म्हणजे वडिलांची सवय, माझ्याकडे आली. जिथं ब्लेडनं कातडी जास्त खरवडलीय तिथं ती झोंबते. म्हणजे तुरटी हा आमचा फुकटचा तपासणी अहवाल. तीन आठवडे अहवाल एकच: उजवीकडे नापास.

आधी वाटलं हात चुकतोय. उजव्या गालाला मनगट वळवावं लागतं, कोन बदलत असेल. आज सौ.च्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका टोपीच्या एका बाजूला आणि त्याच बाजूला प्लेटवर दिला, आणि मुद्दाम उलट केलं. नेहमी उजव्या गालावर जाणारी, म्हणजे ठिपक्याची बाजू डाव्या गालावर चालवली. तुरटी डावीकडे झोंबली.

गाल निर्दोष. रेझरची एक बाजू चावरी आहे.

मंगळवार, ३ डिसेंबर

ट्यूबलाइटखाली रेझर समोरून डोळ्यांच्या रेषेत धरला. टोपीच्या कडेखालून ब्लेडची धार चांदीच्या केसासारखी डोकावते. ठिपक्याच्या बाजूला ती रेघ जाड, पलीकडे बारीक. डोळ्यांना दिसतं म्हणजे फरक बराच असणार.

ब्लेड काढलं, परत बसवलं. आता जवळपास सारखं. पुन्हा काढलं, बसवलं. परत ठिपक्याकडे जाड. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात बावीस वर्षं मी इन्स्पेक्शनला आहे. दर वेळी वेगळं माप दाखवणारा जॉब, म्हणजे तपासायचा भाग, समोर आला की पोटात गोळा येतो. कायम चुकणारा जॉब परवडला, त्याला दुरुस्ती असते.

हे ब्लेड म्हणजे काय चीज आहे ते एकदा लिहून ठेवतो. लांबी साधारण ४३ मिलीमीटर, रुंदी २२, जाडी ०.१. वहीच्या पानाएवढं पातळ पोलाद. हातात घेतलं तर लवलवतं, एकट्यानं दाढी करायच्या लायकीचं नाही. टोपीचं पोट बाकदार असतं, प्लेट त्याला खालून दाबते, ब्लेड कमानीसारखं वाकतं आणि वाकल्यावर ताठ होतं. पत्र्याला वळ दिला की तो कडक होतो, तसंच. किंग जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं त्याच्या मुळाशी हीच युक्ती होती: जाड, महाग, पाजवायचा वस्तरा नको, पातळ पत्र्याचं स्वस्त पातं घ्या आणि ताठपणा धारकाकडून उसना घ्या. विक्री त्याच्या आदल्या वर्षी सुरू झाली होती. १९०३ च्या पहिल्या वर्षात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मुद्दा असा, की ब्लेडला स्वतःचा आकार नाही. टोपी सांगेल तो त्याचा आकार, आणि टोपीच्या पोटातल्या दोन खुंट्या सांगतील ती त्याची जागा. ब्लेडला दोष देण्याआधी या दोघांना विचारलं पाहिजे.

गुरुवार, ५ डिसेंबर

अण्णांना रेझर दाखवला. वय ७८, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून आणि म्हणाले, "रजिस्टर हललंय रे."

अण्णा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले. १९२८ पासून तिथं नोटा छापल्या जातात. नोटेच्या पुढच्या बाजूला अर्धं चित्र आणि मागच्या बाजूला उरलेलं अर्धं; नोट उजेडात धरली की दोन्ही जुळून एक आकृती दिसायला हवी. पाठपोट छपाई जुळली नाही तर 'रजिस्टर हललं'. आयुष्यभर अण्णांनी तेवढंच बघितलं. अजून दुकानदारानं पाचशेची नोट दिली की आधी उजेडात धरतात. खोटी आहे का हे नाही बघत, जुळणी बघतात.

"एका बाजूनं जेवढं बाहेर, दुसऱ्या बाजूनं तेवढंच आत," ते म्हणाले. "एकाच बाजूला बघू नकोस."

हे ऐकायला सोपं आहे. पण मी दोन दिवस ठिपक्याच्याच बाजूकडे टक लावून होतो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या मायक्रोस्कोपखाली, रेझरचं डोकं लावलं. साहेबांनी दारातून पाहिलं, विचारलं नाही. वापरलेलं ब्लेड घेतलं होतं. नवी धार मापायच्या नादात जाते, आणि बोटही जातं.

क्रॉसवायर (भिंगात दिसणारी बारीक फुली) टोपीच्या कडेवर, मग ब्लेडच्या धारेवर, दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या बाजूला धार किती डोकावते ते. ब्लेड खाली वाकलेलं असल्यामुळे वरून दिसणारं अंतर खऱ्याहून थोडं कमी भरतं, पण दोन बाजूंची तुलना करायला हरकत नाही. प्रत्येक बाजूचं वाचन मधोमध घेतलं. पाच वेळा ब्लेड काढून बसवलं. ठिपक्याची बाजू वजा दुसरी बाजू, मिलीमीटरमध्ये: ०.२२, ०.०६, ०.१८, ०.२४, ०.१०. सरासरी ०.१६.

पाचही वेळा ठिपक्याचीच बाजू वरचढ. म्हणजे इथं दोन रोग एकत्र आहेत. एक कायमचा, जो दर वेळी ठिपक्याकडे ढकलतो. दुसरा चंचल, जो आकडा वरखाली नाचवतो. दोघांना एकच औषध लागू होणार नाही.

आणखी एक, जे लेथवर काम केलेला कुणीही सांगेल. चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, जॉब ०.०८ नं केंद्र सोडून बसला तर डायलची सुई ०.१६ फिरते. इथंही तेच. ब्लेड सरकलंय फक्त ०.०८, म्हणजे स्वतःच्या जाडीपेक्षाही कमी. पण एका बाजूला तेवढं वाढलं आणि दुसऱ्या बाजूला तेवढं घटलं, म्हणून गालाला फरक दुप्पट कळतो. अण्णांचं वाक्य मायक्रोस्कोपखाली दिसलं.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी पंचवटीत काम होतं. रामकुंडावर मुंडनाला बसलेली रांग. न्हावीदादा ब्लेड कागदाच्या वेष्टनासकट चिमटीत धरून वाकवतात, कट्‌ असा आवाज होतो, अर्धं ब्लेड वस्तऱ्यात, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. तीच दुधारी ब्लेडं. त्यांना जुळणीचा प्रश्नच नाही. धार एक, आणि कोन त्यांच्या अंगठ्यात. पाच मिनिटं उभा राहून बघितलं. मग एकानं विचारलं, "बसायचंय का?" निघालो.

सोमवार, ९ डिसेंबर

आज उलटापालटी.

गवंडी पाणसळ खरी आहे का हे कसं बघतो? भिंतीवर ठेवतो, बुडबुडा बघतो, मग पाणसळ टोकाटोकानं फिरवून त्याच जागी ठेवतो. बुडबुडा पुन्हा त्याच दिशेला गेला तर भिंत तिरकी. उलट दिशेला गेला तर पाणसळच खोटी. हीच युक्ती रेझरला लावली. तीन भाग आहेत, एकेक करून फिरवायचे.

आधी चंचल भाग बाजूला काढायला हवा होता. त्यासाठी ब्लेड खुंट्यांवर ठेवून बोटानं एकदा पूर्ण डावीकडे टेकवलं, आवळलं, वाचन घेतलं. मग पूर्ण उजवीकडे टेकवून पुन्हा. दोन्हींची सरासरी म्हणजे मधली जागा. आणि दोन्हींतल्या फरकाचं निम्मं म्हणजे खाच आणि खुंटी यांच्यातली ढिलाई: सुमारे ०.१ मिलीमीटर. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते. सुरुवातीच्या ब्लेडांना तीन गोल भोकं असायची. १९३० च्या सुमारास लांबलचक नक्षीदार खाच आली. त्या खाचेत खुंट्यांचे, पट्ट्यांचे, फुलपाखरासारख्या उघडणाऱ्या झडपांचे, सगळ्या तऱ्हांचे रेझर मावतात. सगळ्यांना बसणारा सदरा कुणालाच अंगासरशी बसत नाही.

वाचनं, ठिपक्याकडची वाढ:
नेहमीसारखं, ०.१६.
ब्लेड टोकाटोकानं फिरवून, ०.१५.
ब्लेड पालथं करून, ०.१६.
टोपी प्लेटवर अर्धा फेरा फिरवून: चावरी बाजू टोपीबरोबर फिरली. प्लेटच्या ठिपक्याकडून बघितलं तर उणे ०.१५.

ब्लेड सुटलं. प्लेट सुटली. गुन्हेगार टोपी.

जाता जाता एक शहाणपण सुचलं, जे शुक्रवारीच सुचायला हवं होतं: मधोमध मापण्याऐवजी दोन्ही टोकांना मापलं. एका टोकाला ०.२६, दुसऱ्या टोकाला ०.०६. म्हणजे ब्लेड नुसतं बाजूला सरकलेलं नाही, तिरकं बसलंय. मधोमधच्या आकड्यानं तिरकेपणा पोटात घातला होता. बावीस वर्षांच्या अनुभवाचं हे फळ.

बुधवार, ११ डिसेंबर

थंडी कडक. निफाडकडून येणाऱ्या सहकाऱ्यानं मफलर सोडला नाही. गीझरचं पाणी येईपर्यंत सराफ बाजारातून आणलेलं भिंग डोळ्याला लावून टोपीचं पोट बघत बसलो.

ज्या टोकाला ०.२६ आहे, त्या खुंटीच्या बुडाशी, ठिपक्याच्याच बाजूला, पांढरट उंचवटा. ब्लेडची खाच तिथं पूर्ण खाली बसत नाही. उंचवट्यावर चढते आणि ब्लेडचं ते टोक ठिपक्याकडे ढकललं जातं. दुसरी खुंटी स्वच्छ. हिशेब जुळला.

उंचवटा किती धातूचा आणि किती मळाचा? आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीवर क्षारांची रांगोळी उमटते. त्यात साबणाचा फेस. जुन्या टूथब्रशनं, गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून घासलं. पांढरा थर निघाला, ०.२६ चं ०.२१ झालं. उरलेलं क्रोमखालचं आहे. ओतकामाच्या साच्याच्या दोन भागांची फट जिथं येते तिथं धातूची शिवण राहते, ती खरवडून न काढता तसाच मुलामा चढवलेला.

गुरुवार, १२ डिसेंबर

मूर्खपणाची नोंद. लिहिणं भाग आहे.

भिंगातून ती खुंटी किंचित कललेली वाटली. वाटलं, उंचवटा खरवडण्यापेक्षा खुंटीच जरा सरळ करू. नाकाडी पक्कड घेतली, कापड गुंडाळलं, हलका दाब दिला. पितळ असतं तर वाकलं असतं. जस्ताचं ओतीव काम वाकत नाही. टिक्‌ झालं आणि खुंटी पकडीत आली.

सौ. स्वयंपाकघरातून, "अहो, झाली का तुमची दाढी?"

तुटलेल्या जागी करड्या साखरेसारखे कण दिसले. खुंटी कललेली नव्हतीच. उंचवट्यामुळे तशी दिसत होती.

शनिवार, १४ डिसेंबर

तांबट लेनमध्ये ओळखीचे एक काका आहेत, पितळी भांड्यांना डाग (धातूचा जोड) देतात. टोपी दाखवली. त्यांनी नखानं वाजवली, वजन बघितलं आणि परत दिली.

"हे जस्त. पितळी डाग द्यायला आच दाखवली तर डाग वितळायच्या आधी तुझी टोपीच वितळेल."

बरोबर आहे. ही मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास पातळ होते, आणि डाग म्हणावा अशा जोडाला ४५० च्या वर जावं लागतं. काकांना आकडे माहीत नाहीत, आवाजावरून कळलं.

मेन रोडवर त्याच दुकानात त्याच बनावटीचा दुसरा रेझर मागितला. दुकानदारानं चार डबे समोर ठेवले. मी खिशातून भिंग काढलं तसा तो गल्ल्याकडचं काम सोडून माझ्याकडे बघत राहिला. चारही टोप्यांत, त्याच बाजूच्या खुंटीच्या बुडाशी, तोच उंचवटा. लहानमोठा, पण जागा एकच. एकाच साच्याच्या एकाच पोकळीतून निघालेला माल. चौघे सख्खे भाऊ.

त्यातल्या त्यात लहान उंचवट्याचा घेतला. दुसरी बनावट का नाही घेतली? कारण आता दोष कुठं आहे हे मला माहीत आहे. नवीन बनावटीत तो शोधण्यापासून सुरुवात.

रविवार, १५ डिसेंबर

नव्या रेझरची शुक्रवारच्या पद्धतीनं नाही, सोमवारच्या पद्धतीनं मापं. (काल सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन. वॉचमननं रजिस्टरवर 'कारण' लिहायला सांगितलं. मी 'तपासणी' लिहिलं.) एका टोकाला ०.२२, दुसऱ्याला ०.०५.

आज घरी काम. खिडकीजवळ टेबल, टॉवेल, टोपी पालथी. सर्वांत बारीक, सुरीच्या पात्याच्या आकाराची निडल फाइल (कानस), तीही घासून बोथट झालेली. खुंटीला स्पर्श करायचा नाही, फक्त बुडाचा कोपरा. एका बाजूनं चार घासे, ब्रश, भिंग. पुन्हा चार. क्रोम कडक असतो, पहिले दहाबारा घासे नुसते घसरले. मग एकदम फाइल खाली उतरल्यासारखी लागली आणि करडा धातू दिसला. तिथून हात निम्म्या जोरानं.

प्रत्येक चौथ्या घाशानंतर जुनं ब्लेड ठेवून बघायचो. आधी खुंटीवर ठेवलं की एक कोपरा उचललेला राहायचा, बोटानं टिचकी मारली की टक्‌टक्‌ हलायचा, जसं एक पाय आखूड असलेलं स्टूल. छत्तीसाव्या घाशाला टक्‌टक्‌ थांबलं. मीही थांबलो. अजून दोन घासे मारले तर चकाकी येईल असा मोह झाला होता. बारा तारीख आठवली.

उघड्या पडलेल्या जस्ताला पाणी लागलं की पांढरी बुरशी धरते, म्हणून तिथं बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब, काडीच्या टोकानं, पुसून जवळजवळ काहीच न उरेल इतका. सौ.नं बाटली मोजून दिली आणि मोजून परत घेतली.

सोमवार, १६ डिसेंबर

एका टोकाला ०.०५, दुसऱ्याला ०.०४. कायमचा रोग बरा.

मंगळवार, १७ डिसेंबर

आता चंचल रोग. ०.१ ची ढिलाई आहे, ती काढता येत नाही. खुंट्या जाड केल्या तर उद्या दुसऱ्या कंपनीचं ब्लेड बसणार नाही. प्रश्न एवढाच, की आवळताना ब्लेड त्या ढिलाईत कुठं थांबतं.

नुसतं आवळून बघितलं, ब्लेडला हात न लावता. सहा वेळा. सहाही वेळा ब्लेड थोडं तिरकं, आणि तिरकेपणा एकाच दिशेचा. हे चंचल नव्हतंच मग! नीट बघितल्यावर कळलं. दांडा फिरतो, दांड्याचं रुंद तोंड प्लेटला खालून घासतं, प्लेट तेवढ्या ढिलाईपुरती फिरते आणि ब्लेडला ओढून नेते. बाटलीचं झाकण आवळताना शेवटी बाटलीच हातात फिरते, तसं. शुक्रवारी ज्याला मी नशीब समजलो त्यातला बराचसा भाग दांड्याची ओढ होती. उरलेला, मी डोकं हातात कसं धरलं त्याचा.

पद्धत ठरली. टोपी पालथी तळहातावर नाही, टेबलावर टॉवेलच्या घडीवर. ब्लेड खुंट्यांवर. वर प्लेट. आता दांडा न लावता अंगठ्यांनी प्लेट खाली दाबायची, म्हणजे ब्लेड आधीच कमानीत येतं आणि पकडलं जातं. दांडा लावायचा, टेकेपर्यंत फिरवायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा. उचलून दोन्ही बाजू उजेडात बघायच्या. ब्लेडचे दोन कान टोपीच्या टोकांना बाहेर येतात. ते बोथट असतात, तिथं धरायला हरकत नाही. कान चिमटीत धरून जुळवायचं, आणि धरूनच शेवटचं आवळायचं. जोर लावायचा नाही. आट्यांना टेकल्यावर अजून एक बोटाचा जोर, बस.

पाच वेळा बसवलं: ०.०३, ०.०६, ०.०२, ०.०५, ०.०४.

डाव्या तर्जनीला एक चीर. ब्लेड जुनं होतं म्हणून बेसावध होतो. दाढीला बोथट झालेलं ब्लेड बोटाला बोथट नसतं. सगळी वापरलेली ब्लेडं आता पावडरच्या जुन्या डब्यात, झाकणाला चीर पाडून. कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्याला आपल्या प्रयोगांशी देणंघेणं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

अण्णांशी वाद.

त्यांचा जुना पितळी रेझर माळ्यावरून काढला. सत्तरच्या दशकातला, निकेल बहुतेक उडालंय, दांड्याची नक्षी हातानं घासून गुळगुळीत. मायक्रोस्कोपखाली फरक ०.०४. नव्याला छत्तीस घासे मारून जिथं आणलं तिथं हा पन्नास वर्षांपासून बसलाय.

पण अण्णा तो पूर्ण आवळत नाहीत. टेकवून पाव आटा सैल सोडतात. "दाढी राठ असली की सोडायचा. ब्लेड जरा मोकळं राहतं, चांगलं कापतं." जुन्या लोकांत ही सवय सर्रास होती. सैल सोडलं की धार आणि खालची पट्टी यांतली फट वाढते, रेझर जहाल होतो. तेवढं खरं. पण ब्लेडवरचा दाब जातो, कमान सैल पडते आणि धार थरथरायला मोकळी होते. वर सगळी ढिलाई पुन्हा जिवंत. मी हे सगळं फिलर गेजसह, म्हणजे फट मापायच्या ठरावीक जाडीच्या पानांसह, समजावलं. फट एका बाजूला ०.६५, दुसरीकडे ०.५५.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "पन्नास वर्षं. किती वेळा कापलं मला?"

आठवेना.

मग त्यांना दाढीची तयारी करताना बघितलं. पाव आटा सैल सोडला, खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर, एकदा इकडून, एकदा तिकडून, नखानं ब्लेडचा कान किंचित ढकलला, पुन्हा पाहिलं. मग साबण. रोज करत असणार. मला कधी दिसलं नव्हतं, कारण ते दाढी करायचे तेव्हा मी शाळेच्या बसमध्ये असायचो आणि नंतर कंपनीच्या बसमध्ये.

त्यांना आवळा म्हणून सांगायचं सोडून दिलं.

रविवार, २२ डिसेंबर

नव्या रेझरची फट मोजली. दोन्ही बाजूंना ०.५५ चं पान जातं, ०.६० चं अडतं. खालची पट्टी सरळ आहे, प्लेटला हात लावायची गरज नाही. एवढंच.

नवं ब्लेड, सेव्हन ओ'क्लॉक, बसवायच्या पद्धतीला आता चाळीस सेकंद लागतात.

रविवार, ५ जानेवारी २०२५

दोन आठवडे, तीन ब्लेडं, त्यातलं एक मुद्दाम वेगळ्या कंपनीचं. ठिपका घासून निघाला होता, पुन्हा दिला, फक्त तुलनेसाठी. एक दिवस ठिपका उजव्या गालावर, एक दिवस डाव्या. चौदा दिवसांत तुरटीनं बाजू ओळखली नाही.

एक जागा मात्र अजून झोंबते. डाव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, रुपयाएवढी. ठिपका असो वा नसो. काल रात्री दोन दिवसांची दाढी वाढवून आरशात बघितली. तिथं केस खाली न उतरता कानाकडे वर वळतात, भोवऱ्यासारखे. मी तिथं गेली पंचवीस वर्षं उलटी दाढी करतोय.

अण्णांना दाखवलं. त्यांनी स्वतःचा जबडा वर करून दाखवला. त्याच जागी, तसाच भोवरा.